हॉलच्या किल्ल्या आणि रेडॉन: ब्रिटनमध्ये नव्याने इमारत सांभाळणाऱ्यांसाठी

एका मित्राने फोनवर एक फोटो पाठवला. त्यांच्या मंडळाने एक जुना चर्च हॉल विकत घ्यायचं ठरवलं होतं, आणि वकिलाकडून कौन्सिलच्या नोंदींच्या शोधाचे कागद आले होते. एका ओळीभोवती लाल पेनने गोल: जागा रेडॉनबाधित क्षेत्रात आहे. खाली मित्राचा प्रश्न, "हे आपल्याला लागू होतं का रे? आपण तर फक्त गणपती, दिवाळी आणि शनिवारची मराठी शाळा करणार."

लागू होतं. मी ईस्ट मिडलंड्समध्ये शाळांच्या इमारती सांभाळायचं काम करतो, आणि हा प्रश्न मला दर वर्षी कोणीतरी विचारतंच: कधी नर्सरी चालवणारी ताई, कधी केअर होमचा नवा मॅनेजर, कधी मंदिराचे विश्वस्त. मी वकील नाही. पण रेडॉनच्या बाबतीत तुम्हाला वकील लागण्याची वेळ सहसा तुम्ही आधी काही केलं नाही म्हणूनच येते. खाली लिहिलंय ते इंग्लंड आणि वेल्सला धरून. कामाच्या ठिकाणचा कायदा स्कॉटलंडलाही तोच आहे, नॉर्दर्न आयर्लंडचे नियम स्वतंत्र आहेत.

आधी हा गॅस काय आहे ते

खडकात थोडंफार युरेनियम असतंच. त्याचं विघटन होत होत रेडियम होतं आणि रेडियमपासून रेडॉन, म्हणजे रंग नाही, वास नाही असा किरणोत्सारी वायू. त्याचं अर्धायुष्य ३.८ दिवसांचं. तेवढ्या वेळात तो जमिनीतल्या भेगांतून वर येऊन तुमच्या फरशीखाली पोचतो. उघड्यावर तो वाऱ्यात विरून जातो. इमारतीत मात्र गरम हवा वर जाते, खाली दाब किंचित कमी होतो आणि इमारत जमिनीतली हवा ओढून घेते. हीटर चालू आणि खिडक्या बंद असल्या की हे ओढणं वाढतं, म्हणून हिवाळ्यात आकडे चढतात.

त्रास खरा रेडॉनपेक्षा त्याच्या पुढच्या पिढीचा. तो विघटित झाला की पोलोनियमचे सूक्ष्म कण होतात, ते धुळीला चिकटून फुफ्फुसात बसतात आणि तिथे अल्फा किरण सोडतात. ब्रिटनमध्ये वर्षाला सुमारे १,१०० फुफ्फुसाच्या कर्करोगाचे मृत्यू रेडॉनशी जोडले जातात. त्यांतले बरेचसे धूम्रपान करणाऱ्यांचे, कारण दोन्ही एकत्र आले की धोका कित्येक पटींनी वाढतो. २००५ साली युरोपातल्या १३ अभ्यासांची एकत्र मोजणी प्रसिद्ध झाली, तिच्यात दर घनमीटर १०० बेकरेल (किरणोत्सार मोजायचं एकक) वाढीमागे धोका साधारण १६ टक्क्यांनी वाढतो असं दिसलं. डोकं दुखत नाही, खोकला येत नाही, कोणी तक्रार करत नाही. त्यामुळे ‘आमच्याकडे कधी कोणाला काही झालं नाही’ हे वाक्य रेडॉनच्या फाइलमध्ये कवडीमोलाचं आहे.

आपल्याला हे नाव नवीन वाटतं याचं एक कारण भूगर्भातच आहे. महाराष्ट्राचा मोठा भाग दख्खनच्या काळ्या बेसाल्टवर उभा आहे आणि बेसाल्टमध्ये युरेनियम फार कमी असतं. साताऱ्याच्या आमच्या वाड्यात ओल यायची, विंचू निघायचे, पण हा विषय कोणी काढलेला आठवत नाही. इथे कॉर्नवॉल आणि डार्टमूरचा ग्रॅनाइट, डर्बीशायरचा चुनखडक, नॉर्थॅम्प्टनशायरचा लोहयुक्त वाळूखडक, सगळीकडे प्रश्न आहे. नवीन इमारत आहे, उंच आहे, दगडी नाही, यातलं काहीही एकट्याने तुम्हाला सोडवत नाही.

चार आकडे पाठ करा

सगळे दर घनमीटर बेकरेलमध्ये. बाहेरच्या हवेत सुमारे ४. ब्रिटनच्या घरांत सरासरी २०. घरासाठी कृतीची पातळी, म्हणजे जिच्या वर काहीतरी करायला हवं ती, २०० (आणि दुरुस्ती करताना गाठायचं लक्ष्य १००). कामाच्या जागेसाठी कायद्याची रेषा ३००, तीही वर्षभराची सरासरी. २०१८ पूर्वी कामाच्या जागेला ४०० होती. जुन्या फाइलमध्ये ‘४०० च्या खाली, ठीक’ असा शेरा दिसला तर तो आज चालत नाही. मी अशा दोन फाइली स्वतः उघडल्या आहेत.

ऑनलाइन अमेरिकन यंत्र घेतलं तर त्यावर पिकोक्युरी दिसेल. एक पिकोक्युरी प्रतिलिटर म्हणजे ३७ बेकरेल प्रतिघनमीटर.

पहिली पायरी: जबाबदार कोण, हे कागदावर लिहा

मोजमाप नंतर. आधी नाव. या देशात अर्धी भांडणं ‘ते कौन्सिलचं काम आहे’ आणि ‘ते भाडेकरूचं काम आहे’ यांत अडकतात.

१९७४ चा हेल्थ अँड सेफ्टी ॲट वर्क कायदा तीन कलमांत तुम्हाला पकडतो. कलम २: तुमचे नोकर. कलम ३: नोकर नसलेले पण तुमच्या कामामुळे धोक्यात येऊ शकणारे, म्हणजे विद्यार्थी, पाहुणे, हॉल भाड्याने घेणारे. कलम ४: ज्याच्या ताब्यात जागा आहे तो. हे तिसरं आपल्या मंडळींनी नीट वाचावं, कारण तिथे नफ्यासाठी असो वा नसो, दोन्ही उपक्रम धरले आहेत. ‘आम्ही सेवाभावी संस्था, सगळे स्वयंसेवक’ हे उत्तर तिथे पुरत नाही. आणि आठवड्यातून दहा तासांसाठी का होईना पगारी केअरटेकर ठेवलात की तुम्ही मालक, म्हणजे नोकरी देणारे, झालात, कलम २ सकट.

शाळांमध्ये कौन्सिलच्या शाळेला सहसा कौन्सिल मालक, ॲकॅडमीला (सरकारी पैशावरची, पण कौन्सिलच्या हाताबाहेरची शाळा) तिचा ट्रस्ट. मुख्याध्यापक नव्हे, जरी सगळे फोन त्यांनाच येत असले तरी.

भाड्याची जागा असेल तर भाडेकरार काढा आणि तीन गोष्टी शोधा: जमिनीखालची फरशी व पाया कोणाच्या दुरुस्तीत येतात, बांधकामात बदल करायला परवानगी कोणाची, आणि पंख्याचं वीजबिल कोण भरणार. तिसरं क्षुल्लक वाटेल. ते क्षुल्लक का नाही, हे पुढे कळेल.

दुसरी पायरी: पत्ता नकाशावर पाहा

ब्रिटनची आरोग्य सुरक्षा संस्था आणि ब्रिटिश जिऑलॉजिकल सर्व्हे मिळून रेडॉनचा नकाशा ठेवतात. तो ऑनलाइन फुकट पाहता येतो. किलोमीटरचे चौकोन, जेवढा रंग गडद तेवढी शक्यता जास्त. पण चौकोनाचा रंग त्यातल्या सर्वांत वाईट तुकड्याप्रमाणे देतात, म्हणून गडद चौकोन पाहून घाबरू नका. थोडे पैसे भरून पत्त्याचा अहवाल मागवा. लहान इमारतीला साधा अहवाल चालतो, मोठ्या आवाराला जिऑलॉजिकल सर्व्हेचा लागतो.

ज्या भागात १ टक्का किंवा जास्त घरं २०० च्या वर असण्याची शक्यता आहे तो बाधित भाग. तिथे कामाची जागा असेल तर मोजायचं. यात वाद नाही.

आता इथे बहुतेक जण चुकतात. तळघर असेल आणि तिथे माणसं आठवड्याला सरासरी तासाभरापेक्षा जास्त असतील, तर नकाशा पांढरा असला तरी मोजायचं. लंडनमध्येसुद्धा. अभिलेखागार, सर्व्हर रूम, जिम, स्टेजखालची मेकअपची खोली, मंदिराचं भांडारघर, सगळं आलं.

तिसरी पायरी: डिटेक्टर ठेवा, आणि ते जागेवर राहतील असं बघा

डिटेक्टर म्हणजे पेढ्याच्या डबीएवढी प्लॅस्टिकची डबी. वायर नाही, दिवा नाही, आवाज नाही. आत प्लॅस्टिकचा एक छोटा तुकडा असतो, चष्म्याच्या काचांना वापरतात त्याच जातीचा. अल्फा कण त्यावर आदळला की न दिसणारा ओरखडा उठतो. तीन महिन्यांनी डबी टपालाने प्रयोगशाळेत जाते, तिथे तो तुकडा रसायनात ठेवून ओरखडे मोठे करतात आणि मोजतात. मान्यताप्राप्त प्रयोगशाळेचीच डबी घ्या, यादी आरोग्य सुरक्षा संस्थेकडे आहे. एका डबीचा खर्च मंडळाच्या एका चहापानापेक्षा कमी.

मोजणी कुठल्याही ऋतूत चालते, प्रयोगशाळा ऋतूचा हिशोब धरून वार्षिक सरासरी काढते. तरी माझा सल्ला ऑक्टोबर ते मार्चमध्ये ठेवा. उन्हाळ्याच्या सुट्टीत रिकाम्या शाळेत मोजलेला आकडा नंतर कोणालाच पटत नाही.

तळमजल्यावरच्या वापरातल्या खोल्या निवडा. दोन-तीन खोल्यांच्या ऑफिसात जिथे माणसं सर्वांत जास्त बसतात त्या दोन. मोठ्या इमारतीत जास्त, आणि जिथे बांधकामाचा प्रकार बदलतो (जुना दगडी भाग, नवा जोडलेला भाग) तिथे दोन्हीकडे. किती लागतील ते इमारतीचा नकाशा पाठवून प्रयोगशाळेलाच विचारा. खिडकी, रेडिएटर, पंखा यांच्यापासून लांब, फडताळावर किंवा कपाटावर.

आणि आता माझी फजिती. एका शाळेत आम्ही चौदा डब्या ठेवल्या. मी नीट तक्ता केला, खोलीचा क्रमांक, डबीचा क्रमांक, तारीख. फेब्रुवारीत गोळा करायला गेलो तर सात. बाकीच्या सात सफाईच्या नव्या बाईंनी कचऱ्यात टाकल्या होत्या, कारण त्यांना त्या जुन्या एअर फ्रेशनरच्या वाटल्या. चूक त्यांची नव्हती. मी मुख्याध्यापकांना सांगितलं होतं, वर्गशिक्षकांना ईमेल केला होता, ज्या बाईंच्या हातात फडकं होतं त्यांना कोणीच काही सांगितलं नव्हतं. पूर्ण हिवाळा गेला. तेव्हापासून डबीखाली जाड पिवळा कागद चिकटवतो, त्यावर ‘हलवू नका, अमुक तारखेपर्यंत’ आणि माझा फोन नंबर, आणि सफाईवाल्यांना स्वतः भेटून एक डबी हातात देऊन दाखवतो.

चौथी पायरी: आकडा आला, आता काय

३०० च्या बरंच खाली: निकाल फाइलला लावा, रिस्क असेसमेंटमध्ये (धोक्यांचं लेखी मूल्यमापन) दोन ओळी लिहा, फेरमोजणीची तारीख टाका. खिडक्या बदलल्या, फरशी फोडली, हीटिंग बदललं, तळघर वापरात आणलं, तर तारखेची वाट न पाहता पुन्हा मोजा. दुहेरी काचेच्या खिडक्या बसवून वीजबिल वाचवणाऱ्यांनी हे विशेष लक्षात ठेवावं: जी फट बुजवली तिच्यातून रेडॉनही बाहेर जात होता.

३०० च्या वर: २०१७ चे आयनायझिंग रेडिएशन्स रेग्युलेशन्स लागू होतात. म्हणजे कायद्याच्या नजरेत तुमचा स्टाफरूम आता किरणोत्साराची जागा आहे. हेल्थ अँड सेफ्टी एक्झिक्युटिव्हला (कामाच्या ठिकाणची सुरक्षा पाहणारी सरकारी संस्था) ऑनलाइन कळवायचं, रेडिएशन प्रोटेक्शन ॲडव्हायझर म्हणजे मान्यताप्राप्त सल्लागार गाठायचा, त्याच्याबरोबर रिस्क असेसमेंट करायचं, आणि दुरुस्ती होईपर्यंत लोकांचा त्या खोलीतला वेळ कमी करायचा. सहसा खोली बदलणं सर्वांत सोपं. आकडा दुरुस्तीने ३०० च्या खाली आला की या नियमांतून सुटका होते, पण खाली आणणारी यंत्रणा चालू ठेवायची जबाबदारी राहते.

आवारात कोणी राहत असेल, उदाहरणार्थ केअरटेकरचं घर, तर ते घर आहे. त्याला ३०० लावू नका, २०० लावा.

कळवलं तर निरीक्षक येऊन टाळं ठोकतील, ही भीती मी पुष्कळदा ऐकली आहे. माझा अनुभव उलटा आहे. ज्यांनी कळवून कामाचा आराखडा दिला त्यांना प्रश्न विचारले गेले, एवढंच.

पाचवी पायरी: दुरुस्ती

सर्वांत खात्रीचा उपाय सम्प. फरशीखाली बादलीभर माती काढून पोकळी करतात, तिथून पाइप बाहेर काढून पन्हाळीच्या वर नेतात आणि मध्ये एक छोटा पंखा बसवतात. पंखा फरशीखालची हवा सतत ओढत राहतो, त्यामुळे गॅस खोलीत शिरण्याआधीच बाहेर पडतो. आकडा दहाव्या हिश्शावर आलेला मी पाहिला आहे. घराएवढ्या इमारतीला हजार-दोन हजार पौंडांच्या आसपास काम, पुष्कळदा बाहेरच्या भिंतीतूनच करता येतं. पाइपचं तोंड कोणाच्या खिडकीखाली येणार नाही हे बघा.

लाकडी फरशी असून खाली पोकळी असेल तर आधी बाहेरच्या भिंतीतल्या हवेच्या विटा (हवा खेळण्यासाठी भोकं असलेल्या) मोकळ्या करा. कित्येकदा त्या कोणीतरी फुलझाडांच्या मातीखाली गाडलेल्या असतात. आकडा मध्यम असेल तर छतातून हलक्या दाबाने ताजी हवा आत सोडणारा पंखाही चालतो.

भेगा बुजवून भागेल असं सांगणारा कंत्राटदार भेटेल. एकट्या बुजवण्याने क्वचितच भागतं. आणि ‘एक्झॉस्ट फॅन लावू या’ असं म्हणणाऱ्याला थांबवा: हवा बाहेर फेकणारा पंखा खोलीतला दाब आणखी कमी करतो आणि जमिनीतून जास्त ओढू शकतो.

काम झालं की पुन्हा तीन महिन्यांची मोजणी. ही न करता ‘दुरुस्त केलं’ असं कुठेही लिहू नका.

आता मघाचा वीजबिलाचा मुद्दा: पंख्याच्या विजेला कोणी धनी नसेल तर काय होतं ते. एका इमारतीत निकाल ६०० वरून ७० वर आला होता. तीन वर्षांनी फेरमोजणीत पुन्हा ५८०. सल्लागार, मी, कंत्राटदार, सगळे फरशीवर वाकून भेगा शोधत होतो. शेवटी पंखा बंद असल्याचं आढळलं. त्याचा स्विच पँट्रीत फ्रिजच्या मागे होता, वर काही लिहिलेलं नव्हतं, आणि कोणीतरी ‘ही घुर्रघुर्र कसली’ म्हणून तो बंद केला होता. कधी, ते कळायला मार्ग नव्हता. म्हणजे किती लोक किती महिने त्या हवेत बसले, हेही कळायला मार्ग नव्हता. गॅसपेक्षा हे ‘कळायला मार्ग नाही’ मला जास्त झोंबलं. म्हणून आता पंखा चालू असल्याचा दिवा दिसेल अशा जागी, दर आठवड्याला एक सही, आणि फ्यूजबोर्डावर नाव.

सहावी पायरी: दाव्याच्या दृष्टीने फाइल

फुफ्फुसाच्या कर्करोगावर ‘रेडॉनमुळे’ असा शिक्का नसतो. त्यामुळे एखाद्या माणसाला तुमच्याच इमारतीमुळे आजार झाला हे दिवाणी दाव्यात सिद्ध करणं कठीण जातं, आणि काही विश्वस्त इथेच निश्चिंत होतात. घाई करू नका. फौजदारी बाजूला आजार सिद्ध करावाच लागत नाही. १९९३ साली लंडनच्या सायन्स म्युझियमच्या विश्वस्तांविरुद्धच्या खटल्यात अपील कोर्टाने कलम ३ चा अर्थ लावला. तिथे विषय होता कूलिंग टॉवरमधले लिजिओनेला जंतू. जनतेला धोक्याची शक्यता होती एवढं पुरेसं आहे, जंतू कोणाच्या श्वासात गेले हे दाखवायची गरज नाही, असं कोर्टाने म्हटलं. रेडॉनला हे जसंच्या तसं लावून पाहा. दंडाला वरची मर्यादा नाही, आणि गुन्हा संचालकाच्या संमतीने किंवा दुर्लक्षाने झाला असेल तर तो स्वतःही सापडतो.

दिवाणी बाजूला १९५७ चा ऑक्युपायर्स लायबिलिटी कायदा पाहुण्यांसाठी आहे. दाव्याची मुदत ३ वर्षं, पण ती आजार आणि त्याचं कारण माणसाला कळलं तेव्हापासूनही मोजतात. हा कर्करोग दिसायला दशकं लागतात. म्हणून माझा नियम: मोजणीचे निकाल, खोल्यांचा नकाशा, पंख्याच्या सह्या आणि त्या-त्या वर्षाच्या विमा पॉलिसीचं प्रमाणपत्र कधीच फेकायचं नाही. अध्यक्ष बदलतील, फाइल राहिली पाहिजे. विमा कंपनीला निकाल लपवू नका.

निकाल माहीत असून बसून राहणं किती महागात पडतं ते पाहायचं तर डार्टमूरच्या तुरुंगाकडे पाहा. नेपोलियनच्या युद्धातल्या फ्रेंच कैद्यांसाठी ग्रॅनाइटवर ग्रॅनाइटनेच बांधलेली जागा, जमीन डची ऑफ कॉर्नवॉलची, म्हणजे युवराजाच्या इस्टेटीची, चालवणारं सरकार. रेडॉनचे चढे आकडे सापडल्यावर आधी कोठड्या टप्प्याटप्प्याने बंद झाल्या आणि २०२४ च्या उन्हाळ्यात उरलेले कैदीही हलवून तुरुंग रिकामा करावा लागला. माजी कैद्यांचे दावे, रिकाम्या इमारतीचं भाडं, संसदेत प्रश्न. जागेचा मालक वेगळा आणि वापरणारा वेगळा असला की काय होतं, ते तिथे सगळं आहे.

मित्राच्या हॉलचं काय झालं? घेतला. तीन डब्या ठेवल्या. मोठ्या हॉलमध्ये ९०, स्वयंपाकघरात १४०, आणि स्टेजखालच्या अर्ध्या तळघरात, जिथे दर शनिवारी दोन तास लहान गटाची मराठी शाळा भरणार होती, ४१०. मुलं पहिल्या दिवसापासून वर बसली. तळघर कुलूपबंद करून सम्प बसवला, नंतरचा आकडा ६०. पंख्याचा स्विच नेमका स्वयंपाकघरात, मिक्सरच्या शेजारी. त्यावर सल्लागाराने दिलेली इंग्रजी पाटी आहे, चार ओळींची, कायद्याच्या नावासकट. खाली खजिनदार काकूंनी मार्करने लिहिलंय: ‘मिक्सर लावताना हा काढाल तर प्रसाद मिळणार नाही.’